घाटातला गाडा आणि पडद्यावरची बग्गी

स्मरणिकेच्या संपादकांनी या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी 'काही तरी ऐतिहासिक' लिहून देण्याची आज्ञा केली, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा शहाजीराजे असावेत. बंगळुरातील मराठी माणसाने इतिहासावर लेखणी उचलली की ती इ.स. १६३८ पासूनच चालू लागावी, असा आपल्याकडे जणू संकेत आहे. प्रस्तुत लेखकाने या वेळी तो संकेत मोडण्याचे धाडस केले आहे. लेखाचा विषय आहे मुलांच्या मोबाइलवरील एक रंगीबेरंगी मोटारशर्यत. वडीलधाऱ्या वाचकांनी लगेच पान उलटू नये. शहाजीराजे वाटेत भेटणार आहेत.

निमित्त घडले ते इ.स. २०२३ च्या गणेशोत्सवात. सायंकाळच्या आरतीची वेळ झाली, तबक सिद्ध झाले, आणि मुले कोठे दिसेनात. शोध घेता घेता मी सभागृहामागच्या लहान खोलीत शिरलो. तेथे कोणी तरी घरून आणलेला संच टीव्हीला जोडला होता. पडद्याचे चार चौकोन झाले होते आणि चार मुले, त्यांत माझा सात वर्षांचा नातूही, मांडीला मांडी लावून चार गाड्या पळवीत होती. मी रागावण्यासाठी गेलो होतो. पण खोटे कशाला सांगू, आरतीचे पहिले कडवे संपेपर्यंत मीही तेथेच उभा होतो.

खेळाचे नाव 'बीच बग्गी रेसिंग'. अमेरिकेतील कॅलिफोर्नियातल्या व्हेक्टर युनिट या लहानशा संस्थेने तो इ.स. २०१४ मध्ये काढला. त्याचा पूर्वज 'बीच बग्गी ब्लिट्झ' इ.स. २०१२ चा, आणि 'बीच बग्गी रेसिंग'चा दुसरा भाग इ.स. २०१८ चा. जाडजूड चाकांच्या, लाल-पिवळ्या-निळ्या बुटक्या गाड्या समुद्रकाठच्या वाळूतून, दलदलीतून, जंगलातून, ज्वालामुखीच्या कडेने उड्या मारीत जातात. वाटेत तरंगणारे बुडबुडे फोडले की हाती एखादे अस्त्र येते. कोणी आगीचा गोळा फेकतो, कोणी मागच्याच्या वाटेवर तेल सांडतो. गाडी उलटते, गरगरते, पुन्हा चाकांवर उभी राहते आणि धावू लागते. मोबाइलवर तर वेग द्यावाच लागत नाही. गाडी आपणहून धावते, मुलाने फक्त मोबाइल डावी-उजवीकडे कलवावयाचा.

आरतीनंतर नातवाला घरी नेताना मी विचारले, "सरळ डांबरी रस्त्यावरची शर्यत का नाही खेळत तुम्ही?" तो म्हणाला, "आजोबा, रस्त्यावर मजा नसते. मातीत गाडी घसरते ना!" हे उत्तर ऐकून मी चमकलो. माझे बालपण पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात गेले. तेथे चैत्रात यात्रा भरे आणि यात्रेत बैलगाड्यांची शर्यत होई. मातीत घसरण्याची मजा काय असते, हे मला इंदिरानगरात जन्मलेल्या मुलाकडून शिकण्याची आवश्यकता नव्हती. तथापि मला जी मजा ठाऊक होती तिच्यात आणि त्याच्या मजेत नेमके साम्य काय आणि भेद काय, हा प्रश्न मनात राहून गेला. बी. ए. ला इतिहास घेतलेल्या माणसास अशा प्रश्नाचा एकच उपाय माहीत असतो, तो म्हणजे मुळाशी जाणे.

मुळे तीन निघाली. पहिले मूळ कार्ट नावाच्या चिमुकल्या गाडीचे. शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या एका कारखान्यातील आर्ट इंगल्स नावाच्या कारागिराने इ.स. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात ती प्रथम तयार केली. काही नळ्या जोडून केलेला सांगाडा, त्यावर गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन, चार लहान चाके. छत नाही, दार नाही, बसणाऱ्याचे बूड जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. पासाडेना येथील रोझ बोल या विशाल क्रीडांगणाच्या मोकळ्या वाहनतळावर हौशी मंडळी अशा गाड्या घेऊन जमू लागली. मोटारशर्यत हा तोवर श्रीमंतांचा नाद होता. तो आता गॅरेजातल्या माणसाच्या आवाक्यात आला.

दुसरे मूळ बग्गीचे. त्याच प्रांतातील ब्रूस मेयर्स हा होड्या बांधणारा माणूस. होडीसाठी वापरावयाच्या फायबरग्लासची त्याने इ.स. १९६४ मध्ये एक उघडी, गोलसर कवची घडविली आणि ती फोक्सवॅगन बीटल या साध्या गाडीच्या यंत्रावर बसविली. वाळूत धावणाऱ्या या गाडीला त्याने मेयर्स मँक्स हे नाव दिले. इ.स. १९६७ च्या नोव्हेंबरात मेक्सिकोतील तिहुआनापासून ला पाझपर्यंत, बाहा द्वीपकल्पाच्या ओसाड दगडधोंड्यांतून जी पहिली मोठी शर्यत झाली, ती अशाच एका मँक्सने २७ तास ३८ मिनिटांत जिंकली. भारी यंत्रांच्या गाड्या मागे राहिल्या आणि खेळण्यासारखी दिसणारी हलकी गाडी पुढे गेली. कच्च्या वाटेवर बळापेक्षा हलकेपणा आणि लवचिकपणा उपयोगी पडतो. ही गोष्ट आपल्या सह्याद्रीतील इतिहासाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको.

तिसरे मूळ जपानात आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे. निंटेंडो या कंपनीने इ.स. १९९० मध्ये 'एफ-झीरो' हा वेगवान शर्यतीचा खेळ काढला होता. तो एकट्यानेच खेळावा लागे. दोघांना एकाच पडद्यावर खेळता यावे म्हणून नवा प्रयत्न सुरू झाला. शिगेरू मियामोतो हे त्याचे निर्माते, तर तादाशी सुगियामा आणि हिदेकी कोन्नो हे दिग्दर्शक होते. पडदा वर-खाली दुभंगला की त्या काळच्या यंत्रावर लांबलचक सरळ रस्ते आणि प्रचंड वेग झेपेना. म्हणून त्यांनी धावपट्ट्या आखूड, वळणावळणाच्या केल्या, आणि अशा पट्ट्यांना शोभेल अशी गाडी म्हणून कार्ट निवडले. आरंभी चालकाच्या जागी डगला घातलेला कोणी अनामिक मनुष्य होता. पुढे तेथे त्यांचा प्रसिद्ध मारिओ आला. २७ ऑगस्ट १९९२ रोजी 'सुपर मारिओ कार्ट' जपानात विक्रीस निघाला आणि जगभर त्याच्या ८७ लाखांहून अधिक प्रती खपल्या. म्हणजे ज्या गुणांमुळे हा प्रकार लोकप्रिय झाला, ते लहानसे मैदान, सततची वळणे आणि शेजारी बसलेला प्रतिस्पर्धी, ते सर्व यंत्राच्या दुबळेपणातून निघाले. अडचणीतून वाट काढताना मूळ ध्येयापेक्षा बरे काही हाती लागावे, असा अनुभव सरकारी कचेरीतही क्वचित येतो, क्वचितच.

या खेळात आणखी एक युक्ती होती. वाटेत मिळणारे अस्त्र सर्वांना सारखे मिळत नसे. जो पुढे असेल त्याला केळ्याची साल वा तत्सम किरकोळ वस्तू, आणि जो मागे पडला असेल त्याला सर्वांना चिमुकले करून टाकणारी वीज. इ.स. १९९६ च्या पुढील आवृत्तीत तर थेट पहिल्या क्रमांकाचा वेध घेणारे निळे कवच आले. प्रथम वाचले तेव्हा मला हे अन्यायाचे वाटले. जो उत्तम धावतो त्याचा पाय ओढावयाचा, ही कसली शर्यत? नंतर गणेशोत्सवातील ती खोली आठवली. त्या चौघांत सर्वांत मोठी मुलगी चौदा वर्षांची होती आणि सर्वांत लहान माझा नातू सात वर्षांचा. तरीही तो दर वेळी शेवटचा येत नव्हता, म्हणून तो उठूनही जात नव्हता. निष्ठुर न्यायाची शर्यत असती तर दुसऱ्या फेरीतच ती खोली रिकामी झाली असती आणि मुले आरतीला वेळेवर आली असती, हे मात्र खरे.

आपल्या शहराचाही या इतिहासात वाटा आहे. राजेश राव यांनी इ.स. १९९७ मध्ये बंगळुरात ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही संस्था स्थापिली. भारतातील व्हिडिओ गेम बनविणाऱ्या आद्य संस्थांत तिची गणना होते. 'फोर्झा' या विख्यात शर्यतखेळातील मोटारी रेखण्याचे काम तिने केले. परदेशातील मुले पडद्यावर ज्या झळझळीत गाड्या पळवीत होती, त्यांतल्या काहींचे पत्रे, दिवे आणि चाके बंगळुरातल्या तरुणांनी संगणकावर घडविली होती. इ.स. २०१७ मध्ये ही संस्था स्वीडनच्या स्टारब्रीझ कंपनीकडे आणि इ.स. २०१९ मध्ये अमेरिकेच्या रॉकस्टारकडे गेली. त्याच २०१९ साली टेस्ला या विजेवरच्या मोटारीत 'बीच बग्गी रेसिंग'चा दुसरा भाग बसविण्यात आला. गाडी उभी असताना तिचेच खरे स्टिअरिंग फिरवून पडद्यावरची बग्गी चालवावयाची! सायंकाळी सात वाजता इंदिरानगरच्या शंभर फुटी रस्त्यावर अडकलेल्या वाहनचालकास ही सोय किती उपकारक ठरेल, हे मी वाचकांच्या कल्पनेवर सोडतो.

आता घाटाकडे वळतो. महाराष्ट्रात बैलांची शर्यत एकच एक नाही. विदर्भात तिला शंकरपट म्हणतात. तेथे दोन जोड्या शेजारशेजारच्या पट्ट्यांवरून धावतात आणि धुरकरी गाडीवर असतो. सातारा-सांगलीकडे मोकळ्या माळावर अनेक छकडी एकदम सुटतात. आमच्या खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ भागात मात्र घाट. घाट म्हणजे मातीची भर घालून बांधलेली, वर चढत जाणारी अरुंद धावपट्टी. निमगावच्या खंडोबाचा घाट आमच्याकडे सर्वांच्या तोंडी आहे. येथे एका वेळी एकच गाडा सुटतो. मागे गाड्याला जुंपलेली एक जोडी, तिच्या पुढे जुकाटाला जुंपलेली दुसरी, आणि त्यांच्याही पुढे वाट दाखविणारी घोडी. गाड्यावर हाकणारा कोणी नसतो. एका गाड्याची धाव म्हणजे एक बारी. वर निशाण पडते, घड्याळ थांबते, आणि सेकंदाच्या अंशावरून घाटाचा राजा ठरतो.

मुलांच्या खेळातही असा एक प्रकार असतो, हे मला नातवाने दाखविले. प्रतिस्पर्धी नाही, केवळ घड्याळाशी झुंज, आणि आपल्याच मागच्या धावेची फिकट सावली सोबतीला. आमचा घाट तोच होता. शेजारी कोणी नसते, पण आदल्या वर्षाचा आकडा साऱ्या गावाला पाठ असतो. आणि गाडा सुटल्यावर मालकाच्या हाती काहीच उरत नाही. वर्षभर पाजलेले दूध, चारलेली पेंड, रोजचा सराव यांचा हिशेब त्या दहा-पंधरा सेकंदांत होतो आणि मालक खाली उभा राहून नुसता बघतो. माझे वडील त्या वेळी डोळे मिटून घेत. लोकांच्या ओरडण्यावरून त्यांना बारी कशी गेली ते कळे.

येथवर आठवण गोड आहे. पुढचे सांगितले नाही तर हा लेख इतिहास राहणार नाही. गाडा सुटण्यापूर्वी बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या जात, प्रसंगी दातांनी चावल्या जात. पराणीचे टोक पुठ्ठ्यात रुते. इ.स. १९७९ च्या यात्रेत, वयाच्या बाराव्या वर्षी, आमच्या पराणीचा खिळा दगडावर घासून मी स्वतः धारदार केला होता. आमची बारी त्या वर्षी चांगली गेली. रात्री गोठ्यात कंदील घेऊन गेलो तेव्हा सोन्याच्या मांडीवर माशा बसलेल्या दिसल्या. वडिलांनी हळद लावली, पण ते माझ्याशी काही बोलले नाहीत, आणि मीही त्यांना काही विचारले नाही.

पुढील हकीकत कायद्याची आहे. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने, ज्या प्राण्यांना खेळासाठी शिकविण्यास व प्रदर्शित करण्यास मनाई आहे त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बेकायदा ठरविल्या. इ.स. २०१७ मध्ये तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या. तथापि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने महाराष्ट्रातील शर्यती थांबूनच राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांस परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरविले. चाबूक, काठी, टोचणी यांस नियमाने बंदी आहे.

मधली वर्षे आमच्या गावात कशी गेली ते मी दुरून पाहिले. दिल्ली, नागपूर, बंगळूर अशा बदल्यांत मी गुंतलो होतो. माझे चुलते अण्णा फोनवर मला विचारीत, "तू सरकारात आहेस, मग बंदी कधी उठणार ते सांग." माझे खाते निराळे, आणि असते तेच तरी मी काय सांगणार होतो? ज्या खिळ्याची गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नव्हती, तोच खिळा न्यायालयाला दिसला होता, असे मला वाटे. दुसऱ्या बाजूने अण्णांनी त्या काळात खिलारी जोडी विकली. शर्यतीचा बैल नांगराला फारसा चालत नाही. शर्यत नाही तर त्याला पोसावयाचे कशाने? ती जोडी कोठे गेली हे त्यांनी विचारले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही, असे ते नंतर म्हणाले.

आपल्या मुलांनी मोबाइलवर शर्यत खेळावी की नाही, यावर मंडळात आजवर पुष्कळ चर्चा झाली आहे. डोळे, अभ्यास, झोप यांविषयीच्या तक्रारी योग्यच आहेत आणि मला त्यांत भर घालावयाची नाही. मला निराळेच दिसते. न्यायालय जे मागत होते ते पडद्यावरच्या बग्गीने साधले आहे. थरार ठेवला, वेदना काढून टाकली. बटण दाबले की वेग वाढतो आणि कोणाच्याही मांडीवर माशी बसत नाही. परंतु वेदनेबरोबर बैलही गेला. बग्गीला पेंड लागत नाही, तिला कोणी पहाटे उठून पाणी दाखवीत नाही. हरली तर तिच्या गळ्यात हात टाकून कोणी बसत नाही. माझ्या नातवाला या दोहोंतले एकच ठाऊक असावे, हे मला रुचेना.

प्रथम जवळचेच पाहिले. २५ आणि २६ नोव्हेंबर २०२३ रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर कंबळ झाला. किनारपट्टीच्या तुळुनाडूतील ही रेड्यांची शर्यत राजधानीत प्रथमच भरत होती. चिखलपाण्याने भरलेल्या दोन समांतर पट्ट्या, रेड्यांच्या जोड्या, आणि मागे अनवाणी धावणारा जवान. इ.स. २०२० मध्ये श्रीनिवास गौडा यांच्या १४२.५ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत कापणाऱ्या धावेची वार्ता जगभर गेली होती ती याच खेळातली. नातवाला मात्र वेगापेक्षा 'कने हलगे' हा प्रकार आवडला. त्यात फळीवर उभा असलेला चालक फळीच्या भोकांतून पाण्याचे फवारे उडवितो आणि उंच बांधलेल्या कापडापर्यंत पाणी पोहोचले की यश. पहिले कोण आले हे विचारावयाचे नाहीच. "यात हरत कोणीच नाही का?" असे त्याने दोनदा विचारले.

परतताना मेट्रोत त्याला शहाजीराजांची गोष्ट सांगितली. ज्यांनी हे बंगळूर जहागिरीत सांभाळले ते राजे २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरीच्या रानात शिकारीच्या मागे घोडा फेकीत असता, घोडा अडखळून पडल्याने गेले. वय सत्तरीच्या घरात होते. त्या वयात रानातून घोडा फेकण्याची काय गरज होती, असे इतिहासाच्या पुस्तकात कोणी विचारीत नाही. नातवाने विचारले, आणि लगेच स्वतःच उत्तर दिले, "मातीत मजा येते म्हणून."

इ.स. २०२४ च्या चैत्रात त्याला घेऊन गावी गेलो. घाट पुन्हा बांधला होता, कठड्यांना रंग दिला होता, बैलांच्या शिंगांना गोंडे आणि पाठीवर झुली होत्या. रंगांच्या बाबतीत आमचा घाट त्या बग्गीच्या खेळास हार जाणारा नाही. लाउडस्पीकरवरून नियम वाचून दाखवीत होते. पराणी मला दिसली नाही, आणि शेपटी पिरगाळणारे दोन हात मात्र दिसले, हेही नमूद करतो. अण्णांनी आता पुन्हा एक जोडी घेतली आहे. वय ऐंशीच्या जवळ, तरी पहाटे गोठ्यात पहिले पाऊल त्यांचेच. त्यांची बारी त्या दिवशी साधारण गेली. जुकाटाचा उजवा बैल मध्येच बाहेर ओढू लागला आणि घड्याळात जे गमवावयाचे ते गमावले.

गाडा खाली आणला तेव्हा नातू अण्णांच्या धोतराला धरून उभा होता. त्याने त्याच्या खेळातला प्रश्न विचारला, "पणजोबा, मागे पडलेल्याला काय मिळतं?"

अण्णांना प्रश्न प्रथम कळला नाही. मी समजावून सांगितला. ते बैलाच्या मानेवरचा घाम हाताने निपटीत म्हणाले, "घरी गेल्यावर वैरण. पहिल्या आलेल्याला बी तेवढीच."

मग त्यांनी कासरा नातवाच्या हाती दिला. घाटापासून घरापर्यंत अर्धा कोस वाट आहे, सगळी कच्ची. तो सर्वांत पुढे होता आणि बैल त्याच्या मागून सावकाश चालला होता. घरी पोहोचल्यावर त्याने मला मोबाइल मागितला. खेळण्यासाठी असेल असे वाटून मी नाही म्हणालो. त्याला बैलाचा फोटो काढावयाचा होता.